आमच्या डोंगरांतील दगड व त्यांची घरगुती पारख

सातारा व सांगली हे जिल्हे आज दोन असले तरी त्यांचे मूळ एक आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. सरहद्द कागदावर आखली गेली. जमिनीखालचा काळा कातळ मात्र अखंड राहिला. महाबळेश्वरच्या कड्यांपासून मिरजेच्या मळ्यांपर्यंत विहीर खणू लागले की माती व मुरूम संपल्यावर गाठ पडते ती ह्याच कातळाशी. ह्या कातळाच्या पोटी काय दडले आहे, ते ओळखण्याची विद्या आपल्याकडे कशी होती, ती मागे का पडली आणि ती पुन्हा घरात कशी आणता येईल, ह्याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा विषय आमच्या वाचक कुटुंबांना परका वाटण्याचे कारण नाही. विहिरीला सुरुंग लावताना, रस्त्यासाठी खडी फोडताना किंवा घराचा पाया खणताना कातळातील एखादी पोकळी उघडी पडते आणि तिच्यात पांढऱ्या, गुलाबी वा हिरवट स्फटिकांची रास चमकताना दिसते. मजूर तो दगड बाजूला टाकतो, मुले उचलून घरी आणतात, आणि कधी एखादा फिरता व्यापारी चार पैसे देऊन घेऊन जातो. मुले विचारतात, “हा दगड कोणता?” त्याचे उत्तर वडीलधाऱ्यांपाशी क्वचितच असते. उत्तर नसले की दोनपैकी एक गोष्ट घडते. मोलाचा नमुना उकिरड्यावर जातो, नाही तर साधी गार हिरा म्हणून कोणाच्या तरी गळ्यात बांधली जाते. दोन्हींत नुकसान अज्ञानाचेच.

पारखीची जुनी विद्या

दगडाची व धातूची पारख ही आपल्या देशात फार प्राचीन विद्या आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवरील अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत, रत्नांची लक्षणे दिली आहेत आणि सोने कसोटीच्या दगडावर कसे घासून पाहावे ह्याचेही विवेचन आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेला स्वतंत्र अध्याय आहेत. दोन्ही ग्रंथांचा भर पाहणाऱ्याचा डोळा व हात ह्यांवर आहे. रंग कसा, तेज कसे, वजन किती, घासल्यावर रेघ कोणती, हेच प्रश्न त्यांनी विचारले आणि आजचा खनिजशास्त्रज्ञही आरंभी हेच प्रश्न विचारतो.

ही विद्या ग्रंथांतच राहिली असे नाही. आपल्या भागात ती हातांत होती. सोनाराच्या दुकानातील काळी कसोटी, दिव्याच्या ज्योतीत वारा फुंकण्याची त्याची बंकनळी, गुंजेचा हिशेब सांगणारा लहान तराजू आणि तेजाबाची बाटली, ही चार साधने म्हणजे एक छोटी प्रयोगशाळाच होय. विटे, खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या दुष्काळी पट्ट्यातील कित्येक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. गलाई ह्या नावाने हा धंदा ओळखला जातो. पाऊस ज्यांना साथ देत नव्हता, त्यांना धातूच्या पारखीने अन्न दिले. दूरच्या राज्यांतील बाजारपेठांत आज सांगली जिल्ह्यातील माणूस भट्टीपुढे बसलेला आढळतो, त्याच्या मुळाशी ही पारख आहे.

दुसरे उदाहरण महाबळेश्वरच्या धावडांचे. डोंगरमाथ्यावर जो तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड आढळतो, त्यातील लोहयुक्त भाग निवडून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढण्याचे काम हे मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत. जांभ्यातील कोणता खडा भट्टीस योग्य आणि कोणता टाकाऊ, हे त्यांना वजनावरून व रंगावरून कळे. पुढे विलायतेचे स्वस्त लोखंड आले, जंगलावर सरकारी निर्बंध पडल्याने कोळसा महागला, आणि भट्ट्या विझल्या. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरपर्यंत हा धंदा इतिहासजमा होऊ लागला होता. भट्टी विझली तेव्हा तिच्यासह जांभ्यातील लोह हाताने ओळखण्याची विद्याही विझली. ती कोणी लिहून ठेवली नव्हती. ह्या एका गोष्टीत आम्हांस सर्वांत मोठा धडा दिसतो.

नावे कोणी ठेवली

दगड आमचे, पारख आमची. पण शास्त्रातील नावे मात्र दूर देशी ठेवली गेली. मुंबई सरकारने नेमलेले कर्नल विल्यम साइक्स ह्यांनी १८२४ नंतर दख्खनची पाहणी केली आणि त्यांचा ह्या प्रदेशाच्या भूरचनेवरील निबंध १८३६ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने छापला. आमच्या काळ्या कातळास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे नाव पटेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, आणि त्या थरांच्या कडा म्हणजे ह्या पायऱ्या. जांभ्याचे ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन ह्यांनी मलबारातील दगड पाहून १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दिले. लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून ते बनले.

लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे दीर्घ काळ त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिले आणि त्यातील द्रव्ये भिंतींवर स्फटिकरूपाने जमली. विहिरीत सापडणारे आमचे स्फटिक ते हेच. त्यांतील मोठ्या कुळास झिओलाइट म्हणतात. हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट ह्यांनी १७५६ साली दिले. त्यांनी खनिजाचा तुकडा फुंकणीच्या ज्योतीत धरला, तेव्हा आतील पाणी सुटून तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणारा दगड’ ह्या अर्थाचे नाव पडले. स्कोलेसाइट हे दुसरे नाव ग्रीक भाषेतील अळीच्या शब्दावरून आले, कारण ज्योतीत धरल्यावर त्याच्या सुया अळीप्रमाणे वळतात. अपोफिलाइट तापला की त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून १८०६ साली फ्रान्सच्या आउई ह्यांनी त्याला पापुद्रे सोडणारा ह्या अर्थाचे नाव दिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ही तीनही नावे म्हणजे एका साध्या परीक्षेची नोंद आहे, आणि त्या परीक्षेचे साधन म्हणजे आमच्या सोनाराची बंकनळी. साधन आमच्या घरी होते, दगड आमच्या विहिरीत होता. फक्त दगड ज्योतीत धरून जे दिसले ते लिहून ठेवणारा आमच्यात निघाला नाही. पुण्याच्या नावाने एका खनिजाला १८३१ साली इंग्लंडमध्ये ‘पूनालाइट’ असे नाव मिळाले होते; पण पुढील तपासात ते मेसोलाइट ह्या आधीच ठाऊक असलेल्या खनिजाचेच रूप ठरले आणि आमच्या मुलखाचे ते नाव पुस्तकातून गेले.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातील प्राध्यापक सुखेश्वाला व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातील झिओलाइटांवर निबंध प्रसिद्ध केला. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या खोऱ्याचा अभ्यास वाढत गेला. कराड येथे केंद्र सरकारची संशोधनशाळा उभी राहिली आणि कोयना खोऱ्यातील गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र २०१७ साली पूर्ण झाले. त्यात वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ संपल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आमचा कातळ अथांग नाही, त्याला तळ आहे, हे अशा रीतीने प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

घरी करावयाच्या परीक्षा

आता मुख्य विषयाकडे वळू. पुढील परीक्षांस कोणतेही महागडे साधन लागत नाही. नमुना प्रथम पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा, आणि परीक्षेसाठी नेहमी त्याचा फुटका कोपरा घ्यावा. चांगल्या स्फटिकावर ओरखडा काढू नये.

पहिली परीक्षा कठिणपणाची. ऑस्ट्रियात काम करणाऱ्या फ्रीडरिख मोस ह्यांनी १८१२ साली दहा खनिजांची चढती पायरी लावली. तळाला शंखजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट असे करीत सातव्या पायरीवर गार, नवव्या पायरीवर कुरुंद व दहाव्या पायरीवर हिरा. इंग्रजीतील कोरंडम हा शब्द मुळात आपल्याच देशातील कुरुंदाचा, हे सांगावयास हरकत नाही. घरी ह्या पायरीचे काम नख, तांबे, पोलादी चाकू व काच ह्यांवर भागते. नखाचा कठिणपणा सुमारे अडीच, तांब्याचा तीन, चाकू व काचेचा साडेपाच. घरात जुनी शिवराई असेल तर ती देव्हाऱ्यातच राहू द्यावी. ओरखड्यासाठी तांब्याची तार पुरे. नखाने ओरखडा उमटला तर दगड अडीचाहून मऊ, चाकूने उमटला तर साडेपाचाहून मऊ, आणि दगडानेच काचेवर खोल रेघ काढली तर तो काचेहून कठीण, असा क्रम लावावा.

दुसरी परीक्षा रेघेची. चिनीमातीच्या बशीच्या तळाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कडा असते तिच्यावर, किंवा भिंतीच्या टाईलच्या मागील बाजूवर दगड घासावा. दगडाचा रंग फसवतो, त्याच्या भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. काळसर दिसणाऱ्या दगडाची रेघ विटकरी तांबडी आली तर ते हेमाटाइट, पिवळसर तपकिरी आली तर लिमोनाइट. ही दोन्ही लोहाची खनिजे जांभ्यात आढळतात. धावडांना अशाच खड्यांची पारख होती.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. ओढ्याच्या वाळूत काळी भुरकट पट्टी दिसते, तिच्यावरून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवावा. जे कण चिकटतात ते बहुधा मॅग्नेटाइटचे. काळा कातळ झिजून ते वाहत आलेले असतात.

चौथी परीक्षा आंबटाची. दगडाच्या कोपऱ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे, आणि बुडबुडे दिसेनात तर थोडी भुकटी करून तिच्यावर टाकावे. फसफसले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा दगड.

पाचवी परीक्षा वजनाची. दगड आधी कोरडा तोलावा. मग स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दगड दोऱ्याने टांगून, तळाला वा काठाला न टेकवता, पूर्ण बुडवावा. काटा जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनास भागावे. समजा, दगड ५३ ग्रॅम भरला आणि काट्याने २० दाखवले, तर भागाकार २.६५ येतो. हे गारेचे विशिष्ट गुरुत्व आहे. झिओलाइट हलके, साधारण २.१ ते २.३, कॅल्साइट २.७; लोहाची चांगली खनिजे पाचाच्या आसपास.

तापवण्याची परीक्षा मात्र घरी चुलीवर करू नये, कारण पाणी धरून बसलेला दगड फुटून डोळ्यांत उडू शकतो. ती शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमक्ष, परीक्षानळीत करावी. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले तर झिओलाइटाचा संशय बळावतो. तसेच कोणताही दगड जिभेला लावू नये, आणि फोडताना डोळ्यांवर चष्मा व तोंडावर फडके असावे.

आपल्या भागातील ओळखीचे दगड

ह्या परीक्षा हाताशी आल्या की पुढील ओळख अवघड नाही. गवताची पेंढी मध्यभागी बांधल्यासारखा, पांढरा वा पीचच्या फळासारखा गुलाबी गुच्छ दिसला आणि चाकूने सहज ओरखडला गेला तर तो स्टिल्बाइट. एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या बारीक सुया म्हणजे बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. चौकोनी, पारदर्शक वा हिरवट स्फटिक, ज्याच्या माथ्यावर मोत्यासारखी झाक आहे आणि जो आडव्या पातळीत सपाट फुटतो, तो अपोफिलाइट. तिरप्या चौकटींत फुटणारा व लिंबाने फसफसणारा तो कॅल्साइट. त्याचा स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवला तर ओळ दुहेरी दिसते. ही मौज डेन्मार्कच्या बार्टोलिन ह्यांनी १६६९ साली प्रथम वर्णिली.

षट्कोनी, टोकदार आणि काच कापणारी ती गार. येथेच फसगत होते. “काचेवर रेघ उमटली, म्हणून हा हिरा” असे सांगणारे भेटतात. काचेवर रेघ तर विहिरीतील फुकटची गारही काढते. ज्या परीक्षेत गार उत्तीर्ण होते, ती परीक्षा हिऱ्याची म्हणता येत नाही. वजनाची परीक्षा करावी: हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५, गारेचे २.६५. त्याचप्रमाणे जुन्या भट्टीच्या जागी सापडणारे काळे, जड, बुडबुड्यांनी भरलेले लोहकीट कोणी उल्का म्हणून विकू लागला तर सावध असावे. उल्केच्या अंगी असे बुडबुडे सहसा नसतात.

सांगलीकडील बागायतदारांस ह्या परीक्षांचा आणखी एक उपयोग आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत पाणी मुरून जमिनी खारावल्या आणि पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागला, हे दुःख वाळवे व मिरज भागातील घरांना सांगावयास नको. तो थर चिमूटभर घेऊन स्वच्छ पाण्यात टाकावा, आणि दुसऱ्या चिमटीवर लिंबू पिळावे. पाण्यात विरघळतो पण फसफसत नाही, तर तो बहुधा साध्या क्षारांचा. विरघळत नाही पण फसफसतो, तर चुनखडीचा. विरघळतो आणि फसफसतोही, तर त्यात सोड्याचा अंश असून जमीन चोपण होत चालल्याचे ते लक्षण समजावे. उपाय ह्यावरूनच ठरतो. साध्या क्षारांना मुख्यतः पाण्याचा निचरा हवा, आणि चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्समही हवे. मातीपरीक्षण केंद्राचा निर्णय अंतिम मानावा. पण तेथे कोणता प्रश्न घेऊन जावयाचे, हे घरची चिमूट सांगते.

नोंद ठेवा

परीक्षेइतकेच महत्त्व नोंदीला आहे. गाव, तालुका, विहीर की खाण, किती फूट खोल, कोणत्या तारखेस, कोणास सापडला आणि कोणत्या परीक्षेत काय दिसले, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती नमुन्याबरोबर ठेवावी. चिठ्ठीवाचून दगड हा पत्त्यावाचूनच्या पत्रासारखा होय. कॅव्हॅन्साइट हे निळे खनिज १९७३ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून वर्णिले गेले. परंतु त्याचे जगातील उत्तम नमुने पुढे पुण्याजवळ वाघोलीच्या साध्या दगडखाणींतून निघाले. खडी फोडणाऱ्या हातांतून असा दगड किती वेळा खडीबरोबर रस्त्यात गेला असेल, ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्रातील अशा स्फटिकांचा मोठा संग्रह आहे. सहलीच्या निमित्ताने मुलांना तो अवश्य दाखवावा.

मात्र संग्रहाच्या हौसेला मर्यादा असावी. कासचे पठार, कोयना अभयारण्य, चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान, गडकोट व लेणी येथून दगड उचलणे सर्वथा अयोग्य होय. आपल्या शेतातील विहीर, घराचा पाया, परवानगीने पाहिलेली खाण आणि ओढ्यातील सुटे खडे एवढी शाळा आपणांस पुरेशी आहे.

धावडांची विद्या लिहिली गेली नाही म्हणून ती गेली. सोनाराची व गलाईवाल्याची विद्या आज आहे, पण तीही यंत्रांपुढे मागे पडत आहे. ज्या घरांत वडीलधारी माणसे अजून कसोटीवरचा कस डोळ्यांनी ओळखतात, तेथील तरुणांनी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे, असे आमचे सांगणे आहे. आणि आमची सर्व कुटुंबांना एक विनंती आहे. पुढील वार्षिक मेळाव्यास येताना प्रत्येक घराने आपल्या गावचा एक दगड, त्याच्या चिठ्ठीसह, बरोबर आणावा. मंडपातील एका टेबलावर ते मांडता येतील, मुले त्यांवर लिंबू, चुंबक व तराजू ह्यांची परीक्षा करतील, आणि सातारा-सांगलीच्या गावागावांतील दगडांची पहिली यादी आपल्याच हातांनी, आपल्याच भाषेत लिहिली जाईल.